फ्रान्सच्या खेड्यांतले जुने फर्निचर आणि घरगुती कापड : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही दोन वर्षांपासून नॉर्मंडीत राहतो. इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात ओकचे एक उंच कपाट पाहिले. दारांच्या वरच्या पट्टीवर कबुतरांची जोडी आणि फुलांची परडी कोरलेली आहे. विक्रेता म्हणतो की हे ‘पंधराव्या लुईचे’ आहे आणि एका वधूच्या लग्नासाठी घडवलेले आहे. यावर कितपत विश्वास ठेवावा?

उत्तर : आपण ज्याचे वर्णन केले आहे त्याला फ्रान्समध्ये ‘आर्मवार’ म्हणतात. कबुतरे, परडी, गव्हाच्या लोंब्या आणि हृदये ही नॉर्मंडीतल्या कोरीवकामाची ओळखीची चिन्हे आहेत. ती लग्नाशी निगडित आहेत हेही खरे, कारण मुलीच्या आंदणातली कपडालत्त्याची चळत अशाच कपाटात ठेवली जात असे. पण ही चिन्हे पुढे इतकी रूढ झाली की लग्नाचे निमित्त नसतानाही सुतार ती कोरत राहिले. त्यामुळे कबुतरे दिसली की वधूची गोष्ट जोडून देण्याचा मोह विक्रेत्यांना होतो, आणि ती गोष्ट खरी ठरवायला बहुधा कोणताही कागद नसतो.

‘पंधराव्या लुईचे’ या शब्दांत दोन वेगळे अर्थ दडलेले असतात आणि खरेदीदाराचा घोटाळा नेमका तिथेच होतो. पंधरावा लुई १७१५ ते १७७४ या काळात राजा होता. त्याच्या काळातली वळणदार चौकट, हरणाच्या पायासारखा बाक असलेला पाय आणि खालच्या पट्टीची नागमोडी कड ही वळणे पॅरिसमध्ये त्याच्या मृत्यूपूर्वीच मागे पडू लागली होती आणि सरळ रेषांची आवड आली होती. खेड्यातल्या सुताराला मात्र ही वळणे आवडली, त्याच्या गिऱ्हाइकांनाही आवडली, आणि एकोणिसाव्या शतकातही तो त्याच घाटाची कपाटे करत राहिला. म्हणजे घाट पंधराव्या लुईचा आणि लाकूड शंभर वर्षांनंतर कापलेले, असे सर्रास आढळते. यात फसवणूक नाही. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा घाटाचे नाव काळाचे म्हणून सांगितले जाते.

फ्रान्सच्या कायद्याने हा भेद स्पष्ट केला आहे. ३ मार्च १९८१ च्या अध्यादेशानुसार वस्तूच्या नावापुढे एखाद्या काळाचा उल्लेख केला, तर वस्तू त्याच काळात घडली आहे अशी ती हमी ठरते, आणि तिचे काही भाग नंतरचे असतील तर तसे खरेदीदाराला सांगावे लागते. ‘अमुक शैलीतले’ असे म्हटल्यास अशी हमी राहत नाही. शिवाय खरेदीदाराने मागणी केल्यास वस्तूचे स्वरूप, घटक, मूळ आणि वय नमूद केलेली पावती देणे विक्रेत्याला बंधनकारक आहे. तेव्हा आपण एवढेच करावे : पावतीवर ‘पंधराव्या लुईच्या काळातले’ असे लिहून द्याल का, असे शांतपणे विचारावे. तोंडी ठामपणे सांगणारा माणूस लिहिताना ‘शैली’ हा शब्द वापरू लागला, तर आपल्याला उत्तर मिळालेच.

आता प्रत्यक्ष कपाटाकडे वळू. माझा आग्रह असा की दर्शनी कोरीवकामाकडे सर्वांत शेवटी पाहावे. विजेरी घेऊन आधी आत शिरावे आणि मग पाठीमागे जावे, कारण सुताराने जिथे कोणी पाहणार नाही असे गृहीत धरले, तिथेच त्याच्या हातांच्या आणि हत्यारांच्या खुणा राहिलेल्या असतात. जुन्या आर्मवारचे सांधे खाचेत कुसू बसवून, आरपार लाकडी खुंटी ठोकून केलेले असतात. काही खुंट्या मुद्दाम काढता येण्याजोग्या ठेवलेल्या असतात, म्हणजे माथ्यावरचा घडीव पट्टा उचलून, दारे बिजागऱ्यांतून वर काढून आणि बाजू सुट्या करून एवढे अवजड कपाट दुसऱ्या घरी नेता येत असे. या खुंट्या हाताने तासलेल्या असल्यामुळे त्यांचा छेद नेमका गोल नसतो, थोडा अनेककोनी असतो. सांध्यावरून बोट फिरवून पाहावे. लाकूड वाळते तेव्हा ते रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, उभ्या दिशेने जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे चौकट आकसली तरी खुंटीची लांबी तेवढीच राहते आणि तिचे टोक बोटाला किंचित वर आलेले जाणवते. एकदा हा स्पर्श ओळखीचा झाला की तो विसरत नाही. याच कारणामुळे जुन्या गोल मेजाचा पृष्ठभाग मोजून पाहिल्यास तो एका दिशेला थोडा अरुंद भरतो.

पाठीच्या फळ्या एकसारख्या रुंदीच्या नसाव्यात. त्यांच्यावर तिरपा उजेड टाकला की रंध्याच्या उथळ लाटा दिसाव्यात. एकाआड एक कमानीसारखे ओरखडे दिसले, तर फळी चक्री करवतीवर कापलेली आहे, आणि अशी करवत एकोणिसाव्या शतकात रुळली. मागची फळी दुरुस्तीत बदललेली असू शकते, म्हणून एका खुणेवरून निवाडा करू नये. कपाटाचे पाय तर हटकून बदललेले असतात, कारण दगडी किंवा भाजक्या विटांच्या ओलसर जमिनीवर ते वर्षानुवर्षे कुजत गेले. मला पायांची दुरुस्ती अजिबात खटकत नाही. कपाट वापरात होते याचा तो पुरावा आहे.

खटकावी अशी एक गोष्ट मात्र आहे. लाकूड पोखरणारी अळी आत वेडेवाकडे बोगदे करते आणि तिचा भुंगेरा बाहेर पडताना पृष्ठभागावर फक्त लहान गोल भोक ठेवतो. दर्शनी भागावर जर अशी गोल भोके नसून उघडे पडलेले लांब चर दिसले, तर अळीने खाऊन झाल्यावर ती फळी पुन्हा कापली किंवा रंधली गेली आहे, म्हणजे लाकूड जुने आणि वस्तू नवी. दोन मजली फडताळांत आणखी एक प्रकार होतो : वरचा भाग एका कपाटाचा आणि खालचा दुसऱ्याचा. या व्यवसायातले लोक त्याला ‘लग्न’च म्हणतात. दोन्ही भागांच्या पाठीचा रंग, फळ्यांची जाडी आणि खुंट्यांची जात ताडून पाहिली की ते उघड होते.

प्रश्न : आमच्या अक्रोडाच्या खणांच्या पेटाऱ्यावर कोणत्याही कारागिराचा शिक्का सापडत नाही. त्यामुळे त्याची किंमत शून्य समजावी का?

उत्तर : मुळीच नाही. कारागिराने आपल्या नावाचा शिक्का मारावा हा नियम पॅरिसच्या सुतार-संघाचा होता. तो १७४३ च्या नियमावलीत आला आणि १७५१ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला. १७९१ मध्ये क्रांतीच्या काळात असे संघच रद्द झाले. प्रांतांतल्या सुतारांना तो लागू नव्हता आणि त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी नाव ठेवले. ग्रनोब्लचे आश घराणे हा ठळक अपवाद. त्यांच्या काही वस्तूंत छापील चिठ्ठी चिकटवलेली सापडते. उलट साध्या खेडवळ वस्तूवर पॅरिसचा सुबक शिक्का दिसला, तर मी अधिक सावध होईन.

प्रश्न : आर्लच्या संग्रहालयात भिंतीवर टांगलेला, कातीव दांड्यांचा, पिंजऱ्यासारखा एक लाकडी डबा पाहिला. पक्ष्यांसाठी असावा असे वाटले, पण त्याला कुलूप होते. तो कशासाठी? तसा एक विकत घेऊन त्यात दिवे बसवावेत असा विचार आहे.

उत्तर : तो पाव ठेवण्याचा डबा आहे. दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात त्याला ‘पानतिएर’ म्हणतात. पाव रोज भाजला जात नसे. एकदा भट्टी पेटली की अनेक दिवसांचे पाव एकदम होत, आणि ते उंदरांपासून दूर, पण हवेशीर जागी ठेवावे लागत. बंद पेटीत त्यांना बुरशी आली असती. म्हणून भिंतीवर उंच, चहूबाजूंनी दांड्यांचा आणि मधोमध लहान दार असलेला हा डबा आला. त्याच्या बरोबर खाली ‘पेत्रँ’ असते : वर रुंद आणि खाली निमुळती अशी झाकणाची लाकडी काथवट, जिच्यात कणीक मळून फुगायला ठेवत. दोन्ही वस्तू एकाच कामाचे दोन टप्पे आहेत आणि एकीशिवाय दुसरी मला अपुरी वाटते. शेजारी मिठाची आणि पिठाची लहान पेटी असे. या साऱ्या वस्तू अक्रोडाच्या, वळणदार आणि कोरीव, आणि त्यांवर पॉलिश केलेल्या पोलादाचे लांबट कुलूपपत्रे.

आपण पाहिलेले संग्रहालय ‘म्युझेऑन आर्लातेन’ असावे. कवी फ्रेदेरिक मिस्त्राल यांनी ते १८९६ मध्ये स्थापन केले आणि १९०४ मध्ये मिळालेल्या नोबेल पुरस्काराचे पैसे त्याच्या विस्तारासाठी वापरले. प्रोव्हान्सची भाषा आणि घरगुती जीवन हातचे निसटत आहे या काळजीतून त्यांनी डबे, पाळणे, टोप्या, भांडी असे सारे जमवले. त्या काळात प्रोव्हान्सच्या वस्तूंची आवड पुन्हा जागी झाली आणि मागणीनुसार नवे पानतिएरही भरपूर घडले. बाजारात आज दिसणारे बरेचसे त्या पिढीचे किंवा नंतरचे आहेत. चांगल्या सुताराच्या हातचा असेल तर असा डबाही घेण्याजोगाच आहे, फक्त किंमत अठराव्या शतकाची देऊ नये.

दिव्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे : तारेसाठी भोक पाडू नये. दिवा डब्याबाहेर लावून त्याचा उजेड दांड्यांमधून आत जाऊ द्यावा. भिंतीवर पडणाऱ्या सावल्या आपल्याला अधिक आवडतील आणि लाकूडही तापणार नाही.

प्रश्न : झुरा भागातून आणलेले उंच लाकडी पेटीतले घड्याळ तासाचे ठोके देते आणि दोन मिनिटांनी तेच ठोके पुन्हा देते. दुरुस्तीला न्यावे का?

उत्तर : नेऊ नये, ते बरोबर चालले आहे. मोर्बिये आणि मोरे या गावांच्या परिसरात घडलेल्या या ‘काँत्वाझ’ घड्याळांची रचनाच तशी आहे. पहिल्या वेळी मोजणी चुकली तर दुसऱ्यांदा मोजता यावे, ही सोय. तबकडीवरचे नाव बहुधा घडवणाऱ्याचे नसून घड्याळ विकणाऱ्या दुकानदाराचे असते.

प्रश्न : लील-स्युर-ला-सोर्गच्या बाजारातून छापील सुती कापडाची जुनी रजई घेतली. लाल फुले अजून टवटवीत आहेत, पण त्यांच्या भोवतीच्या काळपट रेषांच्या जागी कापड अक्षरशः कातरल्यासारखे तुटले आहे. पाने निळी आहेत, हे तर मला उमगतच नाही. ती धुवावी का?

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर : धुऊ नये. कारणे सांगताना थोडे मागे जावे लागेल.

सतराव्या शतकात भारतातून रंगीत छिटे जहाजांनी मार्सेयला उतरू लागली आणि फ्रान्समध्ये त्यांना ‘आँदिएन’, म्हणजे भारतीय, हेच नाव पडले. ती हलकी होती, धुता येत होती आणि धुतल्यावरही रंग जात नव्हता. तिथल्या छपाईकारांना तोवर हे साधलेले नव्हते. लवकरच स्थानिक कारागीर त्यांची नक्कल करू लागले. रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांचा धंदा बसू लागल्यावर १६८६ मध्ये या कापडाची आयात आणि देशातली छपाई या दोहोंवर बंदी आली. बंदी १७५९ पर्यंत टिकली. चोरटी विक्री मात्र चालूच राहिली, कारण बायकांनी ते कापड सोडले नाही. बंदी उठल्यावर १७६० मध्ये क्रिस्तोफ-फिलिप ओबरकाम्फ यांनी व्हर्सायजवळच्या झुई-आँ-झोझास गावी छपाई सुरू केली. १७७० मध्ये त्यांनी कोरीव तांब्याच्या पत्र्यांनी छापायला प्रारंभ केला. पांढऱ्यावर एकाच रंगात मेंढपाळ, झाडे आणि पडके वाडे दाखवणारे ‘तुआल द झुई’ त्यातूनच आले. आपली बहुरंगी रजई मात्र लाकडी ठशांच्या परंपरेतली दिसते.

आता रंगांचा उलगडा. या लाल रंगासाठी मंजिष्ठाच्या कुळातल्या ‘गारांस’ या झुडपाची मुळे वापरत. मुळांचा रंग कापडावर आपोआप धरत नाही. त्यासाठी आधी ठशाने क्षाराचा लेप छापावा लागतो. तुरटीचा क्षार असेल तिथे कापड लाल होते, लोखंडाचा असेल तिथे काळपट किंवा जांभळट, आणि दोहोंच्या मिश्रणाने तपकिरी. पूर्ण कापड एकाच रंगपात्रात बुडवले तरी जिथे जो क्षार आहे तिथे तो रंग उठतो. हे मला अजूनही विलक्षण वाटते. त्यातला लोखंडाचा क्षार मात्र काळाच्या ओघात कापसाचे तंतू ठिसूळ करतो. आपल्या रजईच्या रेषा त्यामुळेच तुटल्या आहेत, त्या कोणी कातरलेल्या नाहीत. पाण्यात भिजून जड झालेली रजई उचलली, की उरलेल्या रेषाही सुटतील.

पाने मूळची हिरवीच होती. हिरवा रंग निळीवर पिवळा रंग चढवून मिळवत, आणि वनस्पतींचा तो पिवळा रंग उजेडाने उडतो. नीळ तेवढी राहते. निळी पाने म्हणजे रजईने बराच उजेड सोसला आहे एवढाच अर्थ, आणि पुढे तिला आणखी सोसायला लावू नये. खिडकीसमोर टांगू नये. तुटक्या रेषांवर मागून पातळ, धुतलेल्या सुती कापडाचा आधार देऊन सैल टाके घालावेत, तेही सराव असलेल्या हातांनीच. एक गोष्ट जरूर शोधावी : अस्तराच्या किंवा शिवणीच्या आत दुमडलेल्या कडेला छापील अक्षरे आहेत का? ताग्याच्या टोकाला कारखान्याचे नाव आणि ‘बाँ तँ’, म्हणजे पक्का रंग, असे छापलेले असे. ते शब्द सापडले तर त्या कडेला कात्री लावू नये.

प्रश्न : पांढऱ्या प्रोव्हान्साल रजईला कोणी ‘बुती’ म्हणते, कोणी ‘पिके’. फरक काय?

उत्तर : ती उजेडासमोर धरावी. एकदा मी एक लहान बाळदुपटे खिडकीशी धरले, आणि जे पांढऱ्यावर पांढरे, जवळजवळ नक्षीहीन वाटत होते, त्यात द्राक्षांचे घड आणि वेली गडद उमटल्या, तर मधली जागा दिव्याच्या काचेसारखी उजळली. ती बुती होती. त्यात दोन तलम कापडे नक्षीच्या रेषांवर शिवतात आणि मग पाठीकडून सुईने कापसाची वात प्रत्येक कप्प्यात सरकवतात. म्हणून नक्षी भरलेली आणि भोवतालची जागा पोकळ राहते. पिकेमध्ये दोन कापडांमध्ये कापसाचा सलग थर असतो आणि टाके तिन्ही थरांतून जातात, त्यामुळे उजेड सर्वत्र सारखाच अडतो. गार जिल्ह्यातल्या काल्विसाँ गावी बुतीसाठी वेगळे संग्रहालयच आहे. तिथे अर्धवट राहिलेले नमुने दिसले तर ते अवश्य पाहावेत, कारण पूर्ण झालेल्या कामापेक्षा त्यांतून अधिक कळते.

प्रश्न : एका खेड्यातल्या घरगुती विक्रीत जाड पांढऱ्या चादरींची अख्खी चळत मिळाली. प्रत्येकीवर लाल दोऱ्याने दोन अक्षरे आणि एक आकडा, आणि मधोमध उभी शिवण. एकाच घरात एवढ्या चादरी कशाला? त्यांचे पडदे शिवले तर चालेल का?

उत्तर : एवढ्या चादरी लागत, कारण मोठी धुलाई वर्षातून दोन-तीनदाच होई. मोठ्या पिंपात कपडे रचून, वर लाकडाच्या राखेचा थर देऊन त्यातून गरम पाणी पुन्हा पुन्हा सोडत, आणि मग सारे ओढ्यावर नेऊन आपटत व खळबळत. पुढच्या धुलाईपर्यंत महिनोन् महिने पुरतील इतक्या चादरी घरात असाव्या लागत. लाल अक्षरे बहुधा घरातल्या मुलीच्या किंवा नवदांपत्याच्या नावांची आद्याक्षरे असतात, आणि आकडा चादरी आलटून पालटून वापरल्या जाव्यात म्हणून. लाल दोरा राखेच्या पाण्यातही टिकत असे. हातमागाची रुंदी पुरेशी नसल्यामुळे दोन पट्टे जोडून चादर होई, म्हणून मधली शिवण. चादर मध्ये झिजली की ती शिवण उसवून बाहेरच्या कडा आत घेत आणि पुन्हा शिवत. आपल्या चळतीत शिवणीशेजारी जाड आणि कडेला विरळ झालेली एखादी चादर असेल, तर तिच्यावर हा संस्कार झालेला आहे.

खरखरीत, किंचित करड्या चादरी हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या झाडाच्या तंतूंच्या, असण्याचा संभव आहे, गुळगुळीत आणि थंड लागणाऱ्या लिननच्या, आणि सुताबरोबर लिनन विणलेल्यांना ‘मेती’ म्हणतात. पडद्यांविषयी मी मनापासून विनंती करते : कापू नका. चादर जशीच्या तशी वरच्या बाजूने चिमट्यांनी टांगली तर उत्तम पडदा होतो, आणि ती लाल अक्षरे उजेडात वाचता येतात. या चादरी धुण्यास मात्र मजबूत आहेत. पिवळे डाग असतील तर सौम्य साबणात रात्रभर भिजवून उन्हात वाळवाव्यात, क्लोरीनचे ब्लीच वापरू नये.

प्रश्न : गवती बैठकीचे प्रोव्हान्साल बाक घेतले. पायांत बारीक भोके आहेत. विकणाऱ्याने ‘कीड केव्हाच मेली’ असे सांगून वर वार्निश मारून दिले. आता काय करावे?

उत्तर : वार्निशखाली कीड जिवंत असेल तर ती आत खातच राहील, म्हणून आधी खात्री करावी. भोकाची कड आतून फिकट आणि स्वच्छ असेल, तर ते ताजे असते. जुन्या भोकाची कड लाकडाइतकीच गडद झालेली असते. बाक इतर फर्निचरपासून वेगळे ठेवून त्याच्या पायांखाली काळा कागद अंथरावा. जिवंत किडीचा फिकट, बारीक भुसा त्यावर चटकन दिसतो. अळी लाकडात तीन-चार वर्षेही राहू शकते, त्यामुळे महिनाभर काही पडले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. भुंगेरे मुख्यतः वसंताच्या अखेरीस आणि उन्हाळ्यात बाहेर पडतात. आता दिसणारी सारी भोके मऊ मेणाने बुजवून ठेवावीत, म्हणजे उन्हाळा संपल्यावर नवे भोक कोणते हे मोजता येईल. नवे दिसलेच, तर संग्रहालये वापरतात ती पद्धत उत्तम : वस्तू हवाबंद आवरणात ठेवून त्यातला प्राणवायू जवळजवळ पूर्ण काढतात आणि ती काही आठवडे तशीच ठेवतात. औषध न लावता अळी मरते आणि गवती बैठकीलाही धक्का लागत नाही. वार्निश काढण्यासाठी बाक कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. त्याने सांधे ढिले होतात, लाकडाचा रंग मरतो आणि गवत जळते. कीड नाही हे ठरल्यावर वार्निश हळूहळू, थोड्या थोड्या भागावरून काढून घ्यावे, टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेले मधमाशांचे मेण पातळ लावावे, आणि दुसऱ्या दिवशी लोकरीच्या कापडाने घासावे. बाक हीटरपासून दूर असू द्यावे, आणि काळा कागद पुढच्या दोन उन्हाळ्यांत पुन्हा अंथरावा.